फिट्झरॉयचा बावटा

१८५९ साली ब्रिटनच्या किनाऱ्यावर हिवाळा ऑक्टोबरमध्येच येऊन धडकला. महिना संपण्याआधीच हवा एकाएकी गारठली, उत्तरेकडून बोचरे वारे सुटले आणि २५ तारखेला पश्चिम किनाऱ्याला एका प्रचंड वादळाने गाठले. मेलबर्नहून लिव्हरपूलकडे निघालेले ‘रॉयल चार्टर’ हे जहाज त्या रात्री वेल्सच्या अँगलसी बेटापाशी होते. ऑस्ट्रेलियाच्या खाणींत कमावलेले सोने घेऊन घरी परतणारे उतारू त्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खडकांवर आपटून फुटले. किनारा इतका जवळ की माणसे डोळ्यांना दिसत होती. तरीही सुमारे ४५० जण बुडाले. स्त्रिया आणि मुले यांपैकी एकही वाचले नाही. त्या वादळात एकंदर १३३ जहाजे गेली आणि सुमारे ८०० माणसे प्राणांस मुकली.

देशभर हळहळ झाली. दैवाला दोष देऊन झाला, चौकशी झाली. लंडनमध्ये मात्र एक चोपन्न वर्षांचा नौदल अधिकारी दीपगृहांच्या, जहाजांच्या आणि वेधशाळांच्या नोंदी मागवून नकाशे काढीत बसला होता. त्याचे नाव रॉबर्ट फिट्झरॉय. त्या नकाशांवरून त्याला दिसले ते असे : ध्रुवाकडून आलेली थंड हवा आणि दक्षिणेकडून आलेली उबदार, दमट हवा यांच्या संघर्षातून एक भोवरा निर्माण झाला होता आणि तो सरकत होता. २५ तारखेच्या दुपारी तो कॉर्नवॉल आणि डेव्हनवर होता, रात्री आठच्या सुमारास अँगलसीवर, आणि लिव्हरपूलजवळच्या मर्सी नदीच्या मुखाशी त्याचा जोर परमावधीस पोचला तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारी. म्हणजे वादळाला देश ओलांडायला तासन्‌तास लागले होते, आणि तारेला तेवढेच अंतर कापायला क्षणही लागत नव्हता. कॉर्नवॉलमधून त्या दुपारी एक तार सुटली असती तर? हा प्रश्न त्याने मनाला लावून घेतला.

जगाला फिट्झरॉय ठाऊक आहे तो डार्विनला ‘बीगल’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेला नेणारा कप्तान म्हणून. १८३१ ते १८३६ च्या त्या प्रवासाने डार्विन अजरामर झाला आणि कप्तान त्याच्या चरित्रातील एक तळटीप होऊन बसला. १८६० साली ऑक्सफर्डला उत्क्रांतिवादावर गाजलेली खडाजंगी झाली, तेव्हा बायबल उंचावून डार्विनचा निषेध करणारा म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. पण तो तेथे गेला होता तो वादळांवरील आपला निबंध वाचायला, हे सहसा कोणी सांगत नाही.

त्याचा जन्म १८०५ चा. दुसऱ्या चार्ल्स राजाचे रक्त आणि ड्यूकचा नातू अशी थोरवी जन्मतःच लाभलेली. बाराव्या वर्षी तो नाविक विद्यालयात गेला आणि पुढे लेफ्टनंटच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवून उत्तीर्ण झाला. पण या घराण्याला एक काळी किनार होती. त्याचे मामा, परराष्ट्रमंत्री कॅसलरे, यांनी १८२२ मध्ये आत्महत्या केली होती. ‘बीगल’चा आधीचा कप्तान दक्षिण अमेरिकेच्या एकाकी किनाऱ्यावर त्याच मार्गाने गेला आणि त्याच्याच जागी १८२८ च्या अखेरीस तेविशीतल्या फिट्झरॉयची नेमणूक झाली. अशा जागी बसणाऱ्या तरुणाच्या मनावर काय सावट पडले असेल, याची कल्पनाच करावी.

सूत्रे हाती घेऊन महिना-दीड महिना झाला असेल-नसेल, १८२९ च्या जानेवारीत, ‘पाम्पेरो’ या नावाने तेथे ओळखल्या जाणाऱ्या झंझावाताने जहाजाला तडाखा दिला. डोलकाठ्या मोडल्या, दोन खलाशी बुडाले. वायुभारमापकातील पारा आधीच उतरला होता. पुढे जाण्याच्या घाईत तरुण कप्तानाने तिकडे दुर्लक्ष केले. पुढच्या आयुष्यात पाऱ्याशी इतका एकनिष्ठ राहिलेला दुसरा दर्यावर्दी शोधून सापडणार नाही.

मधली वर्षे फारशी यशाची नव्हती. ‘बीगल’च्या मोहिमेत सरकारने नाकारलेला खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला आणि तो कधी परत मिळाला नाही. १८४३ मध्ये तो न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. तेथील जमिनींच्या तंट्यांत माओरींनाही न्याय हवा, ही त्याची भूमिका गोऱ्या वसाहतवाल्यांना मानवली नाही आणि दोनच वर्षांत त्याला परत बोलावण्यात आले. अखेर १८५४ साली व्यापार मंडळाने त्याला हवामानाच्या आकडेवारीचा अधिकारी नेमले. खाते म्हणजे काय, तर हाताखाली तीन-चार कारकून आणि जहाजांवरून येणाऱ्या नोंदवह्या. आकडे जमवावेत, तक्ते करावेत, वर्षाखेर अहवाल द्यावा, एवढीच वरिष्ठांची अपेक्षा होती. कोणत्याही सरकारी कचेरीत असा माणूस निवृत्तीपर्यंत सुखाने नांदतो.

‘रॉयल चार्टर’ने ते सुख हिरावून घेतले. १८६० च्या सप्टेंबरपासून निरनिराळ्या बंदरांतून रोज सकाळी पाऱ्याची उंची, वारा आणि तपमान लंडनला तारेने येऊ लागले. १८६१ च्या फेब्रुवारीत वादळाचे इशारे सुरू झाले. डोलकाठीवर शंकू चढवायचा. टोक वर असेल तर उत्तरेचे वादळ, खाली असेल तर दक्षिणेचे. सोबत पिंपाचा आकार दिसला तर धोका मोठा. अक्षरशत्रू कोळ्यालाही कळावी अशी ही लिपी. भारतीय बंदरांतही शंकू आणि नळकांडी यांच्या खुणांची पद्धत पुढे रुजली. कोकणातला कोळी तिला बावटा म्हणतो. गरीब मच्छीमारांच्या बंदरांत फिट्झरॉयने सरकारी खर्चाने वायुभारमापकही बसविले.

येथेच तो थांबता तर कदाचित निभावले असते. पण १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दुसऱ्या दिवसाचे हवामान छापून आले आणि हा रोजचा परिपाठ झाला. त्यासाठी त्याने शब्दही पारखून घेतला. हे भाकीत नव्हे, भविष्यकथन तर नव्हेच, उपलब्ध नोंदींवरून केलेला अंदाज आहे, असा त्याचा आग्रह होता. वाचकाला हा फरक काय होय! अंदाज चुकला की हसे होई. पाऊस न पडल्याची तक्रार करायला सारे लंडन मोकळे होते. परंतु बावटा पाहून बंदरातच राहिलेली आणि म्हणून न बुडालेली नाव साक्ष द्यायला येत नाही. जो इशारा ऐकला गेला त्याचा पुरावाच उरत नाही, ही या धंद्यातली खरी क्रूरता.

टीकाकार नाना तऱ्हेचे होते. बावटा चढला की कोळी समुद्रावर जायला नकार देत, म्हणून मच्छीमारी ताफ्यांचे मालक चिडले. पार्लमेंटात तारांच्या खर्चावर बोट ठेवले गेले. ‘टाइम्स’नेच अंदाजांची जबाबदारी झटकली. शास्त्रज्ञांचा आक्षेप मात्र गंभीर होता : नियम सिद्ध झालेले नसताना निष्कर्ष जाहीर करणे हे शास्त्र नव्हे. तर्काच्या कसोटीवर त्यांचे खोटे नव्हते. फिट्झरॉयच्या पद्धतीत अनुभवी डोळ्याचा भाग मोठा होता आणि त्याचे ‘हवामानाचे पुस्तक’ (१८६३) सूत्रबद्ध नव्हते. पण नियम सिद्ध होईपर्यंत किती जहाजे बुडू द्यायची, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

फिट्झरॉय थकत गेला. ऐकू कमी येऊ लागले, झोप उडाली, पैसा कधीच संपला होता. ३० एप्रिल १८६५ च्या रविवारी सकाळी त्याने आपले जीवन संपविले. मागे कर्ज उरले. कुटुंबासाठी निधी उभारण्यात आला, त्यात डार्विनने १०० पौंड दिले.

मग फ्रान्सिस गॉल्टनच्या समितीने त्याचे कागद तपासले. रोजच्या अंदाजांना शास्त्रीय आधार नाही असे ठरले आणि ते बंद झाले. वादळाचे इशारे उपयोगी पडल्याचे समितीला मान्य करावे लागले होते, तरी १८६६ च्या डिसेंबरात तेही थांबविण्यात आले. तेव्हा बंदराबंदरांतून ओरड सुरू झाली. ज्यांच्या नावा सुखरूप परतल्या होत्या, ते दर्यावर्दी आणि कोळी आता बोलू लागले होते. सुमारे वर्षभरातच शंकू पुन्हा डोलकाठ्यांवर चढले. रोजचे अंदाज परत यायला १८७९ साल उजाडले. बीबीसीवरून दर्यावर्दींना सागरी विभागांची नावे घेऊन हवामान सांगितले जाते. त्यातील फिनिस्टेअर या विभागाचे नाव २००२ मध्ये बदलून फिट्झरॉय करण्यात आले.