पापळहून ऑक्सफर्ड आणि परत

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बी.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा बाबांनी विचारले की, मराठी आणि इतिहास शिकून खारपाणपट्ट्यातल्या आपल्या शेताला काय मिळणार? तेव्हा मी निरुत्तर झालो. उत्तर सापडले ते भाऊसाहेबांच्या चरित्रात.

डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. अमरावतीचे हायस्कूल, पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज असे टप्पे गाठून १९२० साली ते विलायतेला गेले. एडिंबरो विद्यापीठाची एम.ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि शिवाय बॅरिस्टरी, एवढे त्यांनी मिळविले. नवल असे की, डॉक्टरेटचा विषय शेती नव्हता. वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा होता. म्हणजे भाऊसाहेबही आपल्यासारखे कला शाखेचेच!

१९२६ साली ते वऱ्हाडात परतले. अमरावतीत बहुजनांच्या मुलांसाठी त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले, अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रहात पुढाकार घेतला. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. दर्यापूरचे आपले महाविद्यालयही त्याच संस्थेचे.

१९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषिमंत्री होते. याच दशकात भारतीय कृषिशिक्षण आणि अमेरिकन विद्यापीठे यांचे सहकार्य वाढले. १९६० साली इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. अध्यापन, संशोधन आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ज्ञान पोचविणे ही तिन्ही कामे तिथे एकत्र आली. १० एप्रिल १९६५ रोजी भाऊसाहेब निवर्तले. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले, त्याला त्यांचेच नाव आहे. तिथे कृषी अभियांत्रिकीही शिकवतात.

परदेशी विद्यापीठांशी नाते जोडणे म्हणजे नुसती पदवी आणणे नव्हे, तिथले ज्ञान आपल्या मातीत रुजविणे होय, हे मला यातून उमगले.

हे सारे मी बाबांना सांगितले. तेव्हापासून त्यांचा प्रश्न बदलला आहे. शिकून काय मिळणार, असे ते आता विचारत नाहीत. शिकून परत येशील का, असे विचारतात. याचे उत्तर कोणत्याही चरित्रात नाही. ते मलाच द्यायचे आहे.