हरलेल्या प्रशिक्षकाचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रत्येक गोष्टीची जमा आणि नावे बाजू पाहायची सवय लागते. त्यातून माझे घर सुरतच्या बमरोलीत. तेथे यंत्रमागावरच्या कामगाराची मजुरी किती मीटर कापड निघाले यावर ठरते. यंदा बास्केटबॉलच्या संघात माझी निवड झाली नाही. सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांनी विचारले, की दोन वर्षे रोज सायंकाळी मैदानावर घालवून हाती काय लागले? मला उत्तर देता आले नाही. पुढे डॉ. जेम्स नेस्मिथ यांचे चरित्र वाचनात आले, ते आपल्यापुढे ठेवतो.

नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडात झाला. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास आईवडील दोघेही विषमज्वराने गेले. मामाने सांभाळ केला. शाळा अर्धवट सोडून त्यांनी काही वर्षे लाकूडतोडीचे काम केले, पण ते पुन्हा शाळेत गेले आणि मॅगिल विद्यापीठाचे पदवीधर झाले. धर्मशास्त्रही शिकले. मात्र तरुणांना वळण लावायचे काम मैदानावरही होऊ शकते, असे त्यांना वाटू लागले होते.

१८९१ च्या हिवाळ्यात ते अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे शिक्षक होते. कवायतीला कंटाळलेल्या अठरा जणांच्या एका वर्गापुढे आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. प्रमुख गुलिक यांनी नेस्मिथना चौदा दिवसांत छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधायला सांगितले. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवतानाच धसमुसळेपणा होतो, हे त्यांनी हेरले आणि चेंडू घेऊन धावण्यासच बंदी केली. लक्ष्य डोक्यापेक्षा उंच ठेवले, म्हणजे जोरापेक्षा नेम महत्त्वाचा ठरावा. शिपायाकडे खोकी मागितली, तर मिळाल्या पीच फळांच्या टोपल्या! त्याच दहा फूट उंचीवर ठोकल्या. नियम तेरा. पहिल्या सामन्यात दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू होते आणि गोल झाला एकच.

१८९८ मध्ये ते वैद्यकीय पदवी घेऊन कॅन्सस विद्यापीठात आले आणि १९०७ पर्यंत तेथील संघाचे प्रशिक्षक होते. जिंकलेले सामने ५५, हरलेले ६०. ज्याने खेळ निर्माण केला, तोच त्या विद्यापीठाचा जिंकण्यापेक्षा अधिक वेळा हरलेला एकमेव प्रशिक्षक! हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असे त्यांचे मत होते.

परंतु हिशेब येथे संपत नाही. त्यांचे विद्यार्थी फॉग ॲलन यांनी पुढे त्याच विद्यापीठाला ५९० विजय मिळवून दिले. १९३३ मध्ये जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथे आला. वर्णभेदामुळे त्याला संघात प्रवेश नव्हता. नेस्मिथ यांनी त्याला मार्गदर्शन केले. त्याच मॅकलेंडनच्या संघाने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

खेळाचे पेटंट नेस्मिथ यांनी कधी घेतले नाही. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला, तेव्हा तेथे जाण्याचा खर्च प्रशिक्षकांनी वर्गणी काढून केला. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मूळ नियमांचे कागद २०१० मध्ये लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरांवर गेले.

हे सारे मी वडिलांना सांगितले. थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारले, की मग या साहेबांची मजुरी मोजली कोणत्या मीटरने? याचेही नेमके उत्तर माझ्याजवळ नाही. संघात नसलो तरी आता सायंकाळी मी मैदानावर जातो आणि प्रथम वर्षाच्या मुलांना नेम धरायला शिकवतो. त्यांच्यातला एखादा पुढील वर्षी संघात निवडला गेला, तर तो आकडा मी माझ्या जमेच्या बाजूला लिहीन.