जेराल्ड ऑन्जियर : दुसऱ्याच्या किनाऱ्यावरचा व्यापारी

नंदुरबारला समुद्र नाही. सर्वांत जवळचे मोठे बंदर म्हणजे सुरत, आणि तेही सुमारे १६० किलोमीटर दूर. तरीही सतराव्या शतकात या गावाचे दैव समुद्रावरच्या घडामोडींशी बांधलेले होते. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला जाणारा रस्ता नवापूर आणि नंदुरबारवरून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये जहांगीराच्या भेटीस निघाला तो याच वाटेने. पुढे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने नवापूरच्या विणकरांची आणि तेथील तांदळाच्या व्यापाराची नोंद करून ठेवली. १६६० च्या दशकात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने नंदुरबारला वखार थाटली. खानदेशातील सुती कापड गोळा करायचे, बैलांच्या तांड्यांवर लादून सुरतेला पोचवायचे आणि तेथून विलायतेच्या जहाजात चढवायचे, हे त्या वखारीचे काम होते.

या वखारीचा हिशेब सुरतेच्या इंग्रज प्रेसिडेंटपुढे जात असे. सर जॉर्ज ऑक्झेंडन याच्या निधनानंतर १६६९ मध्ये त्या जागेवर जेराल्ड ऑन्जियर आला. मुंबईचा पाया घालणारा गव्हर्नर म्हणून इतिहासाची पुस्तके त्याला ओळखतात. ती ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. किनारा दुसऱ्याचा, समुद्रावरचे धोरण दुसऱ्याचे, आणि आपल्याजवळ मूठभर सैनिक व चार जहाजे. अशा स्थितीत परक्या कंपनीने कसे टिकावे, हा प्रश्न त्याच्यासमोर आठ वर्षे उभा होता.

ऑन्जियरचे घराणे आयर्लंडमध्ये स्थिरावलेले होते आणि त्याचे वडील धर्मोपदेशक होते. तो हिंदुस्थानात आला आणि कंपनीच्या नोकरीत पायरीपायरीने वर चढला. पत्रव्यवहारावरून त्याचा जो स्वभाव दिसतो तो धार्मिक, शिस्तप्रिय, चिकाटीचा आणि बराचसा धूर्त माणसाचा आहे. तलवारीपेक्षा कागदावर त्याचा अधिक विश्वास होता. वाटाघाटी लांबवणे ही त्याची कला होती, आणि या कलेत त्याला तोडीस तोड प्रतिपक्षी भेटला तो रायगडावर.

मुंबई बेट कंपनीकडे येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहकरारात १६६१ मध्ये ते इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड खंडणीवर ते कंपनीला देऊन टाकले. दलदल, खारे पाणी आणि ताप यांनी भरलेले हे बेट लंडनच्या संचालकांना ओझे वाटे. ऑन्जियरला मात्र त्याचे बंदर दिसले. सुरतेत कंपनी मोगलांची पाहुणी होती. सुभेदाराची मर्जी फिरली की वखारीचे दरवाजे बंद होत. मुंबईत कंपनी आपल्या भूमीवर उभी राहणार होती. पण त्या भूमीवर भात पुरेसे पिकत नव्हते, सरपणही नव्हते. दोन्ही समोरच्या किनाऱ्यावरून, पेण-नागोठण्याच्या खाड्यांतून आणि कल्याण-पनवेलकडून येत. त्यातही ठाणे आणि करंजा येथे पोर्तुगीज जबर जकात घेत. उरलेला समोरचा किनारा शिवाजी महाराजांचा होता.

येथे जरा थांबून त्या किनाऱ्याचे धोरण पाहिले पाहिजे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला आरंभ झाला आणि पुढच्याच वर्षी आरमार बसरूरपर्यंत जाऊन आले. मराठी आरमार म्हटले की आपल्याला लढायाच आठवतात, पण त्या धोरणात जकातीलाही तितकेच स्थान होते. गोव्याकडचे बारदेशी मीठ स्वस्त पडून कोकणातील मिठाचा व्यापार बुडू लागला, तेव्हा १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला त्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा केली. परदेशी व्यापारी त्यांना हवे होते. बंदरे चालायची तर माल आणि सोने आणणारे लोक लागतात. मात्र टोपीकर हे केवळ सावकार नाहीत, त्यांच्यामागे राजे उभे आहेत, हेही त्यांना ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हे सूत्र पुढे लेखी स्वरूपात आले. वखारीसाठी जागा द्यायची तर खाडीच्या मुखाशी किंवा समुद्रकिनारी देऊ नये, आत गावात द्यावी, असा त्याचा आशय आहे. मुंबई हे बेट तर नेमके खाडीच्या मुखावर होते, आणि ते देणारा पोर्तुगालचा राजा होता.

ऑन्जियरच्या वाट्याला मागच्यांची चूकही आली होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला असता राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या माणसांसह तोफा आणि दारूगोळा घेऊन तेथे गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याने युद्धात बाजू घेतली होती. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. ते १६६३ मध्ये सुटले. कंपनीने या लुटीची भरपाई मागायला सुरुवात केली आणि ती मागणी वर्षानुवर्षे चालू राहिली. आपल्या माणसाने पन्हाळ्याखाली काय केले होते, याचा उल्लेख त्या मागणीत अर्थातच अडचणीचा होता.

ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. इंग्रजांची वखार स्ट्रेन्शॅम मास्टरने राखली. ऑन्जियर त्या वेळी सुवाळीच्या बंदरावर होता. लगेच मराठी फौजा वणी-दिंडोरीला मोगलांना झोडपून खानदेश-वऱ्हाडात शिरल्या. पाठोपाठ बागलाणातील साल्हेर त्यांच्या हाती आले, आणि १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार व रामनगर घेतले. नंदुरबारहून सुरतेला जाणाऱ्या तांड्यांच्या दक्षिणेला आता सर्वत्र मराठी ठाणी होती. ऑन्जियरच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. कापड पिकते ती भूमी आणि भात येते तो किनारा, दोन्ही ठिकाणी एकाच राजाची इच्छा मोजावी लागणार होती. आणि त्याच वेळी मोगलांना दुखवणेही परवडणारे नव्हते, कारण सुरतेची वखार त्यांच्या मुठीत होती.

१६७२ मध्ये तो मुंबईला येऊन राहिला आणि त्याने रायगडाशी बोलणी नव्याने सुरू केली. आधी लेफ्टनंट उस्टिक गेला. १६७३ मध्ये टॉमस निकल्स गेला. दोघेही गोड शब्द घेऊन परतले. महाराजांना इंग्रजांकडून तोफा हव्या होत्या. त्या दिल्या तर औरंगजेब रागावणार, सरळ नाही म्हटले तर कोकणातून भात येणे थांबणार. ऑन्जियरने देतोही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तेवढ्यात फ्रेंचांनी तोफा विकल्या. परक्या कंपन्यांत एकजूट नव्हती आणि रायगडाला ते चांगले माहीत होते.

मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन दुभाषी नारायण शेणवी याला बरोबर घेऊन रायगडाकडे निघाला. तो पोचला तेव्हा महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले होते. निराजीपंतांशी प्राथमिक बोलणी झाली. सिद्दीशी तह करावा असे महाराजांना सुचवायचे, हे ऑक्झेंडनच्या कामांपैकी एक होते. मुंबईच्या बंदरातील कटकट त्यामुळे मिटली असती. या विषयाला हात लावण्यात अर्थ नाही, हे इंग्रजांना तेथेच कळून चुकले. जंजिरा हा कोकणच्या राज्याच्या उदरातील व्याधी होता आणि त्याबाबत व्यापाऱ्यांची मध्यस्थी चालणार नव्हती.

६ जूनला राज्याभिषेक झाला. ऑक्झेंडनने हिऱ्याची अंगठी नजर केली. एवढ्या उंच गडावर हत्ती कसे चढवले असतील, याचेच त्याला नवल वाटले. काही दिवसांनी तह झाला. राजापूरच्या लुटीपोटी दहा हजार होन, राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथे वखारी घालण्याची मुभा आणि आयातीवर अडीच टक्के जकात, अशी त्याची मुख्य कलमे होती. माझ्या मते मात्र या तहातील सर्वांत बोलकी कलमे आणखी दोन आहेत. इंग्रजांचे नाणे मराठी राज्यात चालावे, अशी मागणी होती. त्यावरचे उत्तर व्यवहारी होते: नाण्यात कस असेल तर लोक ते घेतील, त्याला हुकमाची गरज नाही. दुसरी मागणी अशी की वादळात किनाऱ्याला लागलेली इंग्रजांची जहाजे आणि माल त्यांना परत मिळावा. ती महाराजांनी प्रथम साफ नाकारली. किनाऱ्याला लागलेले फुटके जहाज राजाचे, ही कोकणची रीत होती. आणि ती एकासाठी मोडली तर फ्रेंच व डच उद्या तेच मागतील, हे त्यामागचे कारण. किनाऱ्यावरचा अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या कलमात होता. ऑन्जियर त्यावर अडून बसला नाही. जे मिळाले ते पदरात घेऊन वखारी उघडणे त्याला अधिक मोलाचे वाटले.

तहाने सगळे साधले असे नाही. दहा हजार होन हप्त्याहप्त्याने आणि जकातीच्या सवलतीतून यायचे होते, आणि ते पुरते कधीच आले नाहीत. तहाला वर्ष होण्याच्या आतच खानदेशातील धरणगावची इंग्रज वखार मराठी स्वारीत लुटली गेली. इंग्रजांनी पुन्हा भरपाई मागितली. रायगडाची भूमिका अशी की धरणगाव शत्रूच्या मुलखात आहे, तेथील नुकसानीला आम्ही बांधील नाही. पुढे त्रास होऊ नये म्हणून कौल मात्र देऊ. वाईट वाटले तरी हा युक्तिवाद सुसंगत होता. मोगलांच्या छत्राखाली व्यापार करणाऱ्याने त्या छत्राची किंमत मोगलांकडेच मागावी, असा त्याचा अर्थ. नंदुरबारसारख्या आतल्या वखारींचे भविष्य तेव्हाच अनिश्चित झाले.

सिद्दीचा प्रश्न ऑन्जियरने सोडवला नाही, टाळला. औरंगजेबाचे आरमार म्हणून सिद्दीची गलबते पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा मागत. आसरा द्यावा तर ती माणसे समोरच्या किनाऱ्यावर उतरून गावे जाळणार आणि भाताची शेते उद्ध्वस्त करणार. ऑक्टोबर १६७३ मध्ये पेण-नागोठण्याकडे नेमके तेच झाले. न द्यावा तर सुरतेत वखारीवर गदा. मग सिद्दीला थोडी माणसे उतरवू द्यायची, शस्त्रांवर बंधन घालायचे, आणि रायगडाला कळवायचे की आम्ही हे नाइलाजाने करतो. दोन्ही बाजू नाराज राहिल्या, पण कोणीही मुंबईवर चालून आले नाही. या काळात शत्रू म्हणून मुंबईसमोर आले ते डचांचे आरमार. १६७३ च्या फेब्रुवारीत आलेले हे आरमार ऑन्जियरने तटबंदी आणि रहिवाशांची शिबंदी यांच्या जोरावर सज्जता दाखवताच लढाई न देता निघून गेले.

बेटाच्या आतही त्याची पद्धत हीच होती. जुन्या पोर्तुगीज वतनदारांशी त्याने जमिनीचा करार केला. १६७२ मध्ये न्यायालय सुरू केले. निरनिराळ्या जातींना त्यांच्या पंचायती दिल्या. दीवचा व्यापारी निमा पारेख याला १६७७ मध्ये धर्माचरणाची लेखी हमी दिली. सुरतेचे वाणी, पारशी आणि आर्मेनियन मुंबईला येऊ लागले. त्याच काळात येथे राहिलेला डॉक्टर फ्रायर बेटाची लोकसंख्या साठ हजार सांगतो. आकडा फुगवलेला असेल, पण वस्ती वाढली यात शंका नाही. शिपायांच्या पगारावरून १६७४ मध्ये बंड झाले, तेही त्याने मोडले. लंडनहून मात्र पत्रे येत ती खर्च कमी करा, अशी.

१६७५ मध्ये त्याला सुरतेला परतावे लागले. प्रकृती ढासळलेली होती. ३० जून १६७७ रोजी तेथेच त्याचा मृत्यू झाला. मुंबईच्या ख्रिस्ती समाजाला त्याने १६७५ मध्ये दिलेला चांदीचा प्याला सेंट थॉमस कॅथेड्रलने जपून ठेवला आहे. ते चर्च बांधण्याची कल्पनाही त्याचीच, पण ते उभे राहून उघडायला १७१८ उजाडले.

त्याच्यामागे मुंबईच्या इंग्रजांचा धीर सुटला. ऑगस्ट १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावर, खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी ती आरमाराच्या जोरावर थांबवू पाहिली, ऑक्टोबरात लढाईही दिली, पण खांदेरी उभा राहिला आणि पुढच्या वर्षी त्यांना तह करावा लागला. मग १६८६ च्या सुमारास सर जॉन चाइल्डने थेट औरंगजेबाशी लढाई उकरून काढली. १६८९ मध्ये सिद्दी याकूत मुंबईत उतरला, माझगावला ठाण मांडून बसला आणि किल्ला सोडून जवळजवळ सगळे बेट त्याच्या ताब्यात गेले. बादशहाची क्षमा मागून, दीड लाख रुपये दंड भरण्याचे कबूल करून, आणि चाइल्डला हद्दपार करण्याची अट मान्य करून कंपनीने सुटका करून घेतली. ती अट पाळण्याची वेळच आली नाही. १६९० मध्ये चाइल्ड मुंबईतच मरण पावला होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये सिद्दीने माझगाव सोडले, आणि जाताना तेथील कोट जाळून टाकला.