हसमुख धीरजलाल सांकलिया

हसमुख धीरजलाल सांकलिया (जन्म : मुंबई, १० डिसेंबर १९०८, मृत्यू : पुणे, २८ जानेवारी १९८९) हे भारतीय पुरातत्त्वज्ञ व प्रागितिहासाचे अभ्यासक होते. १९३९ पासून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होते. १९४५-४६ मध्ये त्यांनी मो. गं. दीक्षित यांच्यासमवेत कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन केले. तेथे सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली.

त्यांचे खरे कार्य मात्र त्याहून फार प्राचीन काळाविषयीचे आहे. टांझानियातील लायटोली येथे सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश पाऊलखुणा ज्वालामुखीच्या राखेत टिकून राहिल्या. महाराष्ट्रात आदिमानवाचा माग काढण्यासाठी सांकलियांचा आधार होता तो नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरांतील दगडी हत्यारांचा. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या थरांत त्यांना हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्यांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वरीमुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या नेवासे येथे प्रवरेच्या थरांतून त्यांनी प्राण्यांचे जीवाश्म आणि छिलक्यांवर घडविलेली लहान हत्यारे नोंदविली. हातकुऱ्हाडी व सूक्ष्मास्त्रे यांमधला हा टप्पा भारतात तोवर नीट ओळखला गेला नव्हता. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.