काटकोन त्रिकोणाने पृथ्वी मोजणारे अल-बिरूनी

भूमितीचा तास आला की आपली मुलं कंटाळतात. काटकोन, कर्ण, साईन-कोसाईन हे सगळं मार्कांपुरतं आहे, असं त्यांना वाटतं. आपणही घरात दीनी तालीम एका कप्प्यात आणि गणित दुसऱ्या कप्प्यात ठेवतो. अबू रैहान अल-बिरूनी यांच्या आयुष्यात मात्र असे दोन कप्पे नव्हतेच.

त्यांचा जन्म ९७३ साली ख्वारिज्म प्रांतात, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानात झाला. गणिती अबू नस्र मन्सूर हे त्यांचे उस्ताद. साधारण सतराव्या वर्षी अल-बिरूनींनी भर दुपारच्या सूर्याचा कोन मोजून काथ शहराचे अक्षांश काढले. ९९७ साली चंद्रग्रहण झाले. ते त्यांनी काथमधून पाहिले, तर अबुल वफा यांनी बगदादमधून. दोन्हीकडच्या वेळांमधल्या फरकावरून दोन शहरांचे रेखांशातले अंतर निघाले.

१०१७ साली महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि अल-बिरूनींना गझनीला जावे लागले. वतन सुटले, पण इल्म सुटले नाही. गझनीहून किब्ला नेमका कोणत्या दिशेला, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यासाठी शहरांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर आख्खा ग्रंथच लिहिला आणि तो १०२५ मध्ये पूर्ण केला. आज मोबाइल क्षणात किब्ला दाखवतो, त्यामागेही कोनांचेच गणित आहे.

सावल्यांवरही त्यांचा ग्रंथ आहे. उभी काठी, तिची जमिनीवरची सावली आणि सूर्याचा किरण मिळून काटकोन त्रिकोण होतो. असरची वेळ सावलीवरूनच ठरते. दुपारची मूळ सावली सोडून ती वस्तूएवढी झाली की आपल्या कोकणातल्या शाफई बांधवांची असर सुरू होते, दुप्पट झाली की हनफींची. याच ग्रंथात त्यांनी एका माणसाची हकीकत दिली आहे. यंत्रावर रूमी महिन्यांची नावं कोरलेली, म्हणून तो ते नमाजच्या वेळांसाठी वापरायला तयार नव्हता. अल-बिरूनींनी त्याला सुनावलं, की रूमी लोक जेवतातही आणि बाजारातही फिरतात, मग तेही सोडून दे!

त्यांनी स्वतः इल्म कुठूनही घेतलं. ग्रीकांचे ग्रंथ वाचले, पंडितांकडून संस्कृत शिकले आणि १०३० च्या सुमारास किताबुल हिंद लिहिली.

हिंदच्या याच मुक्कामात नंदना किल्ल्याजवळचा डोंगर त्यांना सापडला. हा किल्ला आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे. त्याआधी खलिफा मामूनच्या काळात पृथ्वी मोजायला माणसं वाळवंटात मैलोन्‌मैल चालली होती. अल-बिरूनींनी ते एका डोंगरावर भागवलं. पायथ्याशी दोन ठिकाणांहून कोन मोजून त्यांनी डोंगराची उंची काढली. ती भरली सुमारे ६५२ हात. मग माथ्यावरून क्षितिज पाहिलं. नजर आडव्या रेषेखाली जेमतेम अर्धा अंश झुकली. नजरेची रेषा पृथ्वीला जिथे टेकते, तिथे पृथ्वीची त्रिज्या तिच्याशी काटकोन करते. झाला काटकोन त्रिकोण! त्याचा कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक डोंगराची उंची, आणि पृथ्वीच्या केंद्रापाशी तोच अर्ध्या अंशाचा कोन. त्यावरून त्रिज्या आली सुमारे १ कोटी २८ लाख हात. त्या काळचा हात नेमका केवढा, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. अर्धा मीटर धरला तर उत्तर ६,४०० किलोमीटर येते. आजचा आकडा ६,३७१ आहे.

गझनीतच १०४८ च्या सुमारास त्यांचा इंतकाल झाला. सांगतात की अखेरच्या घटका मोजत असताना भेटायला आलेल्या एका फकीह मित्राला त्यांनी वारसाहक्काचा मसला विचारला. अशा हालतीत हे कशाला, असं मित्राला वाटलं. पण न जाणता जाण्यापेक्षा जाणून गेलेलं बरं, असं अल-बिरूनींचं म्हणणं पडलं. मित्राने मसला समजावला आणि तो रस्त्यावर पोहोचतो तोच घरातून रडण्याचा आवाज आला.

मुलगा किंवा मुलगी भूमितीचं पुस्तक बाजूला सारू लागली, तर आम्हाला वाटतं, त्यांना उन्हात एक काठी रोवून द्यावी. सावली मोजायची, कोन काढायचा आणि असरची वेळ स्वतःच ठरवायची. धडा तिथूनच सुरू होईल.