थोर गणिती अल-काशी

इराण देशात काशान नावाचे एक जुने शहर आहे. वाळवंटाच्या कडेला वसलेले हे शहर रंगीत, चकचकीत फरशांसाठी प्रसिद्ध होते. सुमारे १३८० साली या शहरात एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव जमशीद. पुढे हाच मुलगा गियासुद्दीन जमशीद अल-काशी या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. अल-काशी म्हणजे काशानचा रहिवासी.

तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. तैमूरच्या स्वाऱ्यांनी इराणची प्रजा हैराण झाली होती. जमशीदचे तरुणपण गरिबीत गेले. कामाच्या शोधात त्याला गावोगाव फिरावे लागले. पोटासाठी तो हकिमी करी; पण त्याचे मन मात्र गणितात आणि आकाशातल्या ताऱ्यांत रमलेले असे. २ जून १४०६ रोजी काशानमध्ये त्याने चंद्रग्रहणाचे वेध घेतले आणि त्यांची नोंद करून ठेवली. दुसऱ्याच वर्षी त्याने सूर्य, चंद्र व ग्रह किती मोठे आणि किती दूर आहेत, यावर एक ग्रंथ लिहिला. घरात पैसा नव्हता, तरी अभ्यासात त्याने खंड पडू दिला नाही.

त्या काळी विद्वानांना राजाश्रयावाचून दुसरा आधार नसे. समरकंदला तैमूरचा नातू उलुग बेग राज्य करीत होता. हा राजपुत्र तलवारीपेक्षा विद्येवर अधिक प्रेम करणारा होता. त्याने समरकंदला मोठा मदरसा बांधला आणि दूरदूरच्या विद्वानांना तेथे बोलावले. सुमारे १४२० साली अल-काशीही समरकंदला आले. इतरांना न सुटलेले कितीतरी प्रश्न त्यांनी उलुग बेगच्या दरबारात सोडवून दाखवले. त्यांची विद्वत्ता पाहून सारे थक्क झाले. आपले सगळे अनुभव ते काशानला वडिलांना पत्रांतून कळवीत. त्यांतली दोन पत्रे आजही उपलब्ध आहेत.

समरकंदला असतानाच अल-काशींनी आपले सर्वांत प्रसिद्ध काम केले. ते काम होते वर्तुळाच्या मापाचे.

वर्तुळ लहान असो की मोठे, त्याच्या परिघाला व्यासाने भागले, की नेहमी एकच संख्या मिळते. ताटली घ्या, बैलगाडीचे चाक घ्या किंवा विहिरीचा काठ घ्या, ही संख्या बदलत नाही. तिला आपण पाय म्हणतो. शाळेत आपण तिची किंमत २२/७ किंवा ३.१४ धरतो. पण या दोन्ही किमती अगदी बरोबर नाहीत. रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही. मात्र वर्तुळ फार मोठे असेल, तर लहान चूकही फार मोठी होते. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर आहे. २२/७ ही किंमत घेऊन पृथ्वीचा परीघ काढला, तर उत्तर सुमारे १६ किलोमीटरने चुकते. मग ताऱ्यांच्या प्रचंड अंतरांचा हिशेब किती चुकत असेल!

अल-काशींना हीच गोष्ट खटकत होती. आर्किमिडीज या ग्रीक गणितीने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ भुजांच्या आकृत्या काढून पायची किंमत शोधली होती. भुजा जितक्या अधिक, तितकी ती आकृती वर्तुळाच्या जवळ जाते. अल-काशींनी हाच मार्ग धरला. पण ते फार पुढे गेले. त्यांनी आधी एक अट ठरवली. पृथ्वीच्या व्यासाच्या सहा लाख पट व्यास असलेले वर्तुळ घेतले, तरी त्याच्या परिघात घोड्याच्या केसाच्या जाडीइतकीही चूक राहता कामा नये.

त्रिकोणापासून सुरुवात करून त्यांनी भुजांची संख्या २८ वेळा दुप्पट केली. तीनाच्या सहा, सहाच्या बारा, बाराच्या चोवीस असे करत ते ८०,५३,०६,३६८ भुजांपर्यंत पोचले! एवढ्या भुजांची आकृती कागदावर काढणे शक्यच नव्हते. सारे काम हिशेबानेच करायचे होते. प्रत्येक पायरीवर मोठमोठ्या संख्यांचे वर्गमूळ काढावे लागे. एका पायरीवर एक आकडा चुकला, तर पुढचे सगळे काम वाया जाणार होते. मदतीला कोणतेही यंत्र नव्हते. होती ती फक्त लेखणी, कागद आणि अपार चिकाटी.

१४२४ साली हा हिशेब पूर्ण झाला. पायच्या दुपटीची किंमत त्यांनी ६.२८३१८५३०७१७९५८६५ अशी दिली. म्हणजे दशांश चिन्हापुढे सोळा स्थळांपर्यंत! पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे कोणालाही याहून अचूक किंमत काढता आली नाही.

अल-काशी केवळ आकाशाचा विचार करीत नव्हते. १४२७ साली त्यांनी 'मिफ्ताह अल-हिसाब' म्हणजे 'हिशेबाची किल्ली' हा ग्रंथ पूर्ण केला. कारकून, व्यापारी, जमीन मोजणारे आणि इमारती बांधणारे यांनाही तो उपयोगी पडावा, अशी त्यांची इच्छा होती. वर्तुळ, गोल, शंकू यांची मापे कशी काढावीत, हे त्यांनी त्यात समजावून सांगितले. कमानी आणि घुमट कसे मोजावेत, हेही शिकवले. समजा, अर्ध्या गोलासारखा एक घुमट आहे आणि त्याची त्रिज्या ७ मीटर आहे. त्रिज्येचा वर्ग ४९. त्याला पायच्या दुपटीने गुणले, की घुमटाचे बाहेरचे क्षेत्रफळ सुमारे ३०८ चौरस मीटर येते. हे माप ठाऊक असेल, तर फरशा किती लागतील आणि कारागिराला मजुरी किती द्यावी, हे आधीच ठरवता येते. हिशेब चोख असला, की मालकाचे नुकसान होत नाही आणि मजुराचा हक्कही बुडत नाही.

समरकंदजवळ उलुग बेगने मोठी वेधशाळा उभारली. तिच्या कामात अल-काशींचा मोठा वाटा होता. पण वेध घेण्याचे काम सुरू होते न होते, तोच २२ जून १४२९ रोजी अल-काशींचे निधन झाले. त्यांच्या सोबत्यांनी ते काम पुढे नेले. १४३७ साली हजारावर ताऱ्यांची स्थाने देणारी कोष्टके तयार झाली. उलुग बेगने त्यांच्या प्रस्तावनेत अल-काशींचा गौरवाने उल्लेख केला आहे.

आज संगणक काही क्षणांत पायची लाखो स्थळे काढतो. तरीही अल-काशींचे मोल कमी होत नाही. जवळजवळ बरोबर असलेल्या उत्तरावर त्यांनी कधी समाधान मानले नाही. गरिबीत दिवस काढलेल्या या हकिमाने साऱ्या जगाला अचूकपणाचा धडा दिला.