अडलेल्या कागदामागचा माणूस : चेस्टर कार्लसन

कचेरीतले झेरॉक्स यंत्र सुरळीत चालू असते तोवर त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ते बंद पडले की मात्र सारे काम खोळंबते. कधी कागद रोलरमध्ये अडकतो, कधी दोन कागद एकदम ओढले जातात, कधी प्रतीवर उभी काळी रेघ उमटते, तर कधी छापलेली अक्षरे बोट फिरवताच पुसली जातात. पावसाळ्यात कागद दमट झाला की या तक्रारी आणखी वाढतात. मग मेकॅनिकला बोलावणे जाते. तो झाकण उघडून दोष शोधू लागतो, तेव्हा पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा खोलीत झालेल्या प्रयोगाच्या पायऱ्याच तो एकेक करून तपासत असतो. तो प्रयोग ज्याचा, त्या चेस्टर कार्लसनचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. सातबाऱ्याची, दाखल्याची, गुणपत्रिकेची ‘झेरॉक्स’ मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात रुळली. तिचा जनक अनोळखीच राहिला.

कार्लसनचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. वडील न्हावी होते. क्षय आणि मणक्याचा संधिवात या दोन आजारांनी त्यांना अकाली जखडले. नशीब उघडेल या आशेने हे कुटुंब १९१० साली मेक्सिकोला गेले. तिथे आईला हिवतापाने गाठले आणि काही महिन्यांतच सारे हात हलवीत परतले. पुढे कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो येथे बिऱ्हाड झाले. आठव्या वर्षापासून हा मुलगा मिळेल ते काम करू लागला आणि चौदाव्या वर्षी घर मुख्यतः त्याच्याच मिळकतीवर चालत होते. सतरा वर्षांचा असताना त्याची आई क्षयाने गेली.

शाळेत असताना तो एका छापखान्यात काम करीत असे. तिथले एक जुने छपाईयंत्र त्याला मिळाले आणि त्यावर त्याने हौशी रसायनप्रेमींसाठी एक छोटे नियतकालिक काढले. एकेक खिळा जुळवून मजकूर छापणे किती जिकिरीचे असते, याचा अनुभव त्याला असा कोवळ्या वयातच आला. रिव्हरसाइडच्या कनिष्ठ महाविद्यालयातून तो कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेला आणि १९३० साली भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला. ती महामंदीची सुरुवात होती. त्याने ८२ कंपन्यांना अर्ज पाठवले. एकीनेही नोकरी देऊ केली नाही. अखेर न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत आठवड्याला ३५ डॉलरवर जागा मिळाली. तिथून तो पेटंट विभागात गेला, पण १९३३ मध्ये ती नोकरीही गेली. पुढे पी. आर. मॅलरी या विद्युत उपकरणांच्या कंपनीत त्याला काम मिळाले आणि कालांतराने तो तिथल्या पेटंट विभागाचा प्रमुख झाला.

याच विभागात त्याला त्याच्या आयुष्याचा प्रश्न सापडला. पेटंटच्या मसुद्याच्या आणि आकृत्यांच्या प्रती सतत लागत. कार्बन कागद लावून टंकलेखन करावे तर आकृत्या उमटत नसत. छायाचित्र काढून घ्यावे तर वेळ आणि पैसा दोन्ही जाई. त्यात कार्लसन १९३६ पासून रात्रीच्या वर्गात कायदाही शिकत होता. पुस्तके विकत घेणे परवडत नसल्याने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून तो पानेच्या पाने हाताने उतरवून काढी. दृष्टी अधू होती आणि वडिलांच्या संधिवाताने आता त्याचीही पाठ धरली होती.

मोठ्या कंपन्या छायाचित्रणाच्या रासायनिक मार्गाने जाणार हे ओळखून त्याने तो मार्ग मुद्दाम सोडला. ग्रंथालयात वाचताना हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ पाल सेलेनी यांचे काम त्याच्या पाहण्यात आले. काही पदार्थ अंधारात विद्युतभार धरून ठेवतात आणि उजेड पडताच तो सोडून देतात, या गुणधर्मावर त्याचे लक्ष खिळले. पृष्ठभागावर भार द्यायचा, मूळ कागदाची प्रतिमा प्रकाशाने त्यावर पाडायची. जिथे उजेड पडेल तिथला भार जाईल, अक्षरांच्या जागचा राहील आणि त्या जागी भुकटी चिकटेल. ही कल्पना त्याने १९३७ सालीच पेटंट कचेरीकडे नोंदवली. प्रयोग मात्र घरच्या स्वयंपाकघरात चालत. वितळणाऱ्या गंधकाच्या वासाने घर भरून जाई, कधी कधी आगही लागे. शेवटी अ‍ॅस्टोरिया या उपनगरात एक खोली घेऊन त्याने ऑटो कॉर्नी या निर्वासित ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाला मदतीला ठेवले.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा पातळ थर देऊन तो सुती कापडाने घासला गेला, म्हणजे त्याला विद्युतभार आला. काचेच्या पट्टीवर त्या दिवसाची तारीख आणि अ‍ॅस्टोरिया हे नाव शाईने लिहून ती पट्टी पत्र्यावर ठेवली आणि वरून काही सेकंद प्रखर दिवा धरला. मग पत्र्यावर एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक भुकटी भुरभुरली. जादा भुकटी फुंकून टाकताच अक्षरे उरली. मेणकागद दाबून आणि तापवून ती कागदावर उतरवण्यात आली. कोरड्या रीतीने काढलेली ती पहिली प्रत.

आजच्या यंत्रात कापडाची जागा उच्च दाबाच्या विजेच्या तारेने किंवा रोलरने घेतली आहे, पत्र्याची ड्रमने, बीजाणूंची टोनरने आणि मेणकागदाच्या शेकाची तापलेल्या रोलरने. म्हणूनच दोष शोधण्याचा क्रमही तोच राहिला आहे. प्रत फिकट आली तर भार किंवा टोनर कमी पडतो का ते पाहायचे. एकाच जागी रेघ येत असेल तर काच, भार देणारी तार किंवा ड्रमवरचा ओरखडा तपासायचा. अक्षरे पुसली जात असतील तर उष्णता अपुरी आहे असे समजायचे. कागद ओढला जात नसेल तर रोलरचे रबर झिजले किंवा गुळगुळीत झाले आहे का ते बघायचे.

कार्लसनला मात्र त्या एका प्रतीने काहीच मिळवून दिले नाही. या कल्पनेला भवितव्य नाही असे वाटून कॉर्नी आयबीएममध्ये निघून गेला. १९३९ ते १९४४ या काळात वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसनला परत पाठवले. आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए अशी बडी नावे त्यांत होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये मुख्य पेटंट मिळाले, पण ते घेऊन उभे राहायला कुणी तयार नव्हते. १९३४ साली झालेला त्याचा विवाहही १९४५ मध्ये संपुष्टात आला.

वाट सापडली ती योगायोगाने. ओहायोतील कोलंबस येथल्या बॅटेल संशोधन संस्थेचा एक अभियंता १९४४ साली पेटंटच्याच कामासाठी मॅलरी कंपनीत आला असता त्याने कार्लसनची कल्पना ऐकली. त्याच वर्षी बॅटेलशी करार झाला. तिथल्या संशोधकांनी गंधकाऐवजी सेलेनियम वापरले, तेव्हा पृष्ठभागाची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता कितीतरी पटींनी वाढली. १९४७ पासून रॉचेस्टरमधील हॅलॉइड या लहानशा छायाचित्र-कागद कंपनीने जोसेफ विल्सन यांच्या नेतृत्वाखाली हे काम अंगावर घेतले. ‘कोरडे लेखन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून तंत्राला झेरोग्राफी हे नाव मिळाले आणि पहिल्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, ते जाहीर करण्यात आले. १९४९ साली आलेले पहिले यंत्र हाताने चालवावे लागे आणि एका प्रतीसाठी इतक्या पायऱ्या होत्या की कचेऱ्यांनी ते नाकारले. ऑफसेट छपाईच्या प्लेट बनवण्यासाठी ते उपयोगी ठरले, म्हणून कंपनी तगली.

यानंतरची दहा वर्षे गेली ती यांत्रिक अडचणींत. टोनर कागदावर ओढून घेणारी स्थिर विद्युत कागदालाच ड्रमला चिकटवून ठेवी. हवेच्या झोताने तो सोडवण्याची युक्ती काढावी लागली. ड्रमवर उरलेली भुकटी पुढच्या प्रतीत डोकावू नये म्हणून सशाच्या केसांचा फिरता ब्रश बसवावा लागला. कागद तापलेल्या भागाजवळ अडकला तर पेट घेई. १६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ‘९१४’ हे यंत्र प्रथम दाखवण्यात आले, तेव्हा मांडलेल्या दोन यंत्रांपैकी एकाला आग लागलीच. दुसरे चालले. हे धूड सुमारे २९५ किलो वजनाचे होते, मिनिटाला सात प्रती काढी आणि साध्या कागदावर काढी. १९६० पासून ते कचेऱ्यांत पोहोचू लागले. सोबत आग विझवण्याचे एक लहान उपकरणही दिले जाई.

यंत्र विकण्याऐवजी दरमहा ९५ डॉलर भाड्याने दिले जाई. दोन हजार प्रती त्यात धरलेल्या आणि पुढच्या प्रत्येक प्रतीचे वेगळे पैसे. त्यामुळे यंत्र बंद राहिले की नुकसान कंपनीचेच होई. साहजिकच दुरुस्ती करणाऱ्यांची फौज उभी राहिली. या मेकॅनिकांमध्ये राहून ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ या नावाने १९९६ साली पुस्तकरूपाने आला. छापील पुस्तिकेत न सापडणारे दोष ही माणसे चहा-जेवणाच्या वेळी एकमेकांना सांगितलेल्या अनुभवांतून सोडवतात, असे त्यात दिसले.

‘९१४’ ने कंपनीला कुठल्या कुठे नेले. १९६१ साली तिने झेरॉक्स हेच नाव घेतले. पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास कार्लसन कोट्यधीश झाला. पण राहणी बदलली नाही. वेदान्त आणि झेन यांकडे त्याचा ओढा होता. दुसरी पत्नी डॉरिस हिच्या सोबतीने त्याने संपत्ती वाटायला सुरुवात केली. शाळा, महाविद्यालये, समान नागरी हक्कांची चळवळ, शांततेसाठी झटणाऱ्या संस्था यांना त्याने पैसे दिले. सुमारे १५ कोटी डॉलरपैकी जवळपास १० कोटी त्याने दान केले आणि बहुतेक ठिकाणी नाव जाहीर होऊ दिले नाही. अर्ध्यावर सोडून गेलेल्या कॉर्नीलाही त्याने कंपनीचे शंभर समभाग दिले.

१९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका चित्रपटगृहात सिनेमा पाहत असताना हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. तो ६२ वर्षांचा होता. अ‍ॅस्टोरियातल्या त्या प्रतीपासून कचेरीत ठेवण्याजोग्या यंत्रापर्यंतचे अंतर २१ वर्षांचे होते. त्यातला कल्पनेचा वाटा कार्लसनचा होता. उरलेला, अडलेला कागद सोडवण्याचा वाटा अनेकांनी मिळून उचलला आणि गल्लोगल्लीच्या झेरॉक्स दुकानांत तो आजही उचलला जातो आहे.